सरसरी नजर आणि सरासरी

रत्नागिरीत कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की मुबारकबादीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज काय देते?" उत्तरही ठरलेलं असतं. मालक छाती जरा फुगवून एक आकडा सांगतो, ऐकणारा मान डोलावतो आणि गोष्ट तिथेच संपते. कुठल्या रस्त्यावर, किती माणसं बसलेली असताना, कुणी आणि कसं मोजलं, हे कुणी विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. वर्गात मुलांना एक गंमत नेहमी सांगते. मराठीतला 'सरासरी' हा शब्द फारसीतून आलेला. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच घराण्यातला उर्दूतला शब्द आहे 'सरसरी'. 'सरसरी नज़र' म्हणजे वरवर टाकलेली नजर. एका भाषेत सगळं मोजून काढलेला मधला आकडा, दुसऱ्या भाषेत नीट न बघता सोडून दिलेली गोष्ट. गाडीच्या ॲव्हरेजच्या बाबतीत आपण शब्द मराठीतल्यासारखा वापरतो आणि काम उर्दूतल्यासारखं करतो.

आमच्या घरात असाच एक आकडा बाहेरून आला आणि त्याने एका गरीब मुलाला जवळजवळ चोर ठरवलं. म्हणून हे लिहायला बसले.

माझे मोठे दीर, ज्यांना घरातले सगळे बडेभाई म्हणतात, एकोणीस वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर काय करायचं, हा प्रश्न आमच्या कोकणातल्या प्रत्येक मुस्लिम घरात कधी ना कधी येतो. कुणी दुकान टाकतं, कुणी आंब्याच्या धंद्यात पडतं. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून बडेभाईंच्या डोक्यात चाकांवरचं घर फिरत होतं. शेवटी त्यांनी एक वापरलेली ट्रॅव्हलर घेतली आणि बॉडी बिल्डरकडून मंजुरीनिशी तिचं घर करून घेतलं. आत चार जणांची झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रीज, संडास-बाथरूम, दीडशे लिटर पाण्याची टाकी, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि छतावर एसी.

ट्रॅव्हलर आपल्याला काही नवी नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ साली मर्सिडीजच्या एका व्हॅनच्या आराखड्यावरून ती काढली. तेव्हापासून लग्नाची वरात असो की दर्ग्याची जियारत, कोकणातला माणूस तिच्यातून फिरतोच आहे. बसायच्या गाडीचं राहायचं घर केलं, फरक तेवढाच. पण त्या 'तेवढाच'मध्ये बरंच काही दडलेलं होतं.

या धंद्यात निम्मे पैसे माझ्या नणंदेचे होते. आपा विधवा आहेत. त्यांच्याकडे जे काही होतं ते त्यांनी भावाच्या भरवशावर लावलं. ठरलं असं की नफा दोघांचा, तोटाही दोघांचा. गाडी ड्रायव्हरसह पर्यटकांना द्यायची आणि किलोमीटरमागे भाडं घ्यायचं. भाडं ठरवताना डिझेलचा खर्च धरला तो लिटरला अकरा किलोमीटर या हिशेबाने. हा अकराचा आकडा बडेभाईंच्या एका दोस्ताचा. त्याच्याकडेही ट्रॅव्हलर होती, खुर्च्यांची, आणि ती बहुतेक कोल्हापूर-पुणे हायवेवर पळायची.

पहिल्या तीन सहलींत गाडी १,८६० किलोमीटर चालली आणि डिझेल लागलं २३४ लिटर. अकराच्या हिशेबाने १६९ लिटर पुरायला हवं होतं. मग ६५ लिटर गेलं कुठे? डिझेल ९० रुपये धरलं तरी ५,८५० रुपये होतात. बडेभाईंनी वाईट हेतूने काही केलं नाही, पण वजाबाकीचं उत्तर समोर आलं की माणूस कुणाकडे तरी बोट दाखवतोच. बोट गेलं ड्रायव्हरकडे. राजिवड्याचा मुलगा, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्या महिन्याच्या पगारातून तीन हजार रुपये अडकवले गेले. तो भांडला नाही. संध्याकाळी आमच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "बाई, मी डिझेल विकलं नाही. पण मी ते सिद्ध कसं करू?"

खरंच, कसं करणार? चोरी केली हे दाखवता येतं, केली नाही हे दाखवायला काही नसतं. त्याला वाचवू शकेल असा एकच साक्षीदार होता, तो म्हणजे नीट केलेलं मोजमाप. मी बडेभाईंना म्हटलं, "पुढच्या पाच सहलींचा हिशेब मी ठेवते. तोवर कुणी कुणाला काही बोलायचं नाही." थोरल्या दिरांशी असं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. पण वही ठेवणं हे शिक्षकाचं काम, म्हणून त्यांनीही मान्य केलं.

मोजायचं कसं, हे मामूंनी शिकवलं. माझे मामू एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत हिशेब एका लिटरचा नसतो, दहा लिटरमागे किती किलोमीटर असा असतो. कारण जड गाडीचे अपूर्णांक फार महत्त्वाचे. सव्वाचार आणि साडेचार यांत घरी आपल्याला फरक वाटत नाही, पण डेपोला तो महिन्याच्या शेवटी दिसतो. मामू म्हणाले, "बेटा, डिझेल गाडी पीत नाही, रस्ता पितो. कुठला रस्ता ते आधी लिही."

रीत सोपी आहे, कुणालाही जमेल. निघताना टाकी फुल करायची. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप थांबला की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढे लिटर गेले तेवढे मधल्या प्रवासात जळले. पंपाचीच शंका असेल तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागून समोर मोजून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. आम्ही एकदा ते केलं. माप बरोबर निघालं. गाडीचा किलोमीटरचा काटासुद्धा हायवेवरच्या दगडांशी ताडून पाहिला. टायर झिजून घेर कमी झाला की चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं, काटा पुढे पळतो आणि ॲव्हरेज फुकटचं वाढतं. आमचे टायर नवे होते, काटाही बरोबर होता.

वहीत पाच सहली अशा उतरल्या. आंबा घाटाने कोल्हापूर आणि परत, २६८ किलोमीटर, ३५ लिटर, म्हणजे लिटरला ७.७. मुंबई-गोवा हायवेने पनवेलपर्यंत आणि परत, साठ-पासष्टच्या वेगाने, ६४० किलोमीटर, ७० लिटर, ९.१. कोल्हापूरमार्गे पुणे, पाहुण्यांना घाई म्हणून हायवेवर पंचाण्णव-शंभरने, ७३० किलोमीटर, ९८ लिटर, ७.४. तीच पुण्याची वाट पुढच्या महिन्यात पंचाहत्तरने, ७३५ किलोमीटर, ८६ लिटर, ८.५. आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, दोन रात्री मुक्काम, ७४ किलोमीटर आणि २१ लिटर. म्हणजे साडेतीन!

अकरा कुठेच नव्हतं. चोर पकडायला बसलो होतो, पण वहीत चार वेगळेच चोर सापडले.

पहिला चोर वजन. बसायच्या ट्रॅव्हलरमधली माणसं उतरतात, गाडी हलकी होऊन परत येते. घर कधी रिकामं होत नाही. पलंग, कपाटं, ओटा सगळं कायम बरोबर. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे टाकी भरली की दीडशे किलो, दोन धडधाकट माणसं फुकट चढली असं समजा. दोन बॅटऱ्यांचे शंभर किलो वेगळे. आम्ही पूर्वी रत्नागिरीतून टाकी काठोकाठ भरून निघायचो, कारण आपलं पाणी चांगलं. ते पाणी घाट चढवायला डिझेल लागतं, हे डोक्यातच येत नाही.

दुसरा चोर घाट. याचं गणित मी सुट्टीत मुलांकडून सोडवून घेतलं. चार टन, म्हणजे चार हजार किलोची गाडी सहाशे मीटर वर न्यायची तर लागणारी ऊर्जा साधारण २४ मेगाज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात. म्हणजे पाऊण लिटरसुद्धा लागू नये. पण इंजिन त्यातला जेमतेम एक तृतीयांश चाकापर्यंत पोचवतं, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून एका चढाईला दोन लिटर. रस्ता सपाट असता तर जे लागलं असतं, त्याच्यावर हे दोन लिटर. तुम्ही म्हणाल, उतरताना परत मिळतं की. थोडं मिळतं. बाकीचं ब्रेक गरम करण्यात जातं.

इथेच घाटातल्या एका खोट्या शहाणपणाबद्दल सांगायला हवं. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचतं, असं अजूनही पुष्कळ जण मानतात. आजच्या इंजिनांत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनात जाणारं इंधन बंद होतं, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत नाही आणि वर चार टनांचा सगळा भार ब्रेकवर. आंबा असो की कुंभार्ली, तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. मामूंचा नियम साधा होता, ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. तो डिझेलचाही नियम आहे आणि जिवाचाही.

तिसरा चोर वारा. गाडी उंच, चौकोनी, वर एसीचं डबडं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर वेग सव्वापट होतो आणि हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. पुण्याच्या दोन सहलींतला फरक तोच. शंभरने जाऊन वेळ किती वाचला? येता-जाता मिळून तासाभराच्या आसपास. डिझेल बारा लिटर जास्त गेलं, जवळजवळ अकराशे रुपये. इथे ड्रायव्हरचा पायही जबाबदार होता, हे मी वहीत स्वच्छ लिहिलं. त्याचा बचाव करायचा म्हणून आकडा लपवला असता तर वहीला काय अर्थ राहिला असता?

चौथा चोर सगळ्यांत गुपचूप, उभी गाडी. गणपतीपुळ्याला मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज जोडता आली नाही. मे महिन्याचा उकाडा, म्हणून पाहुण्यांनी इंजिन चालू ठेवून एसी लावला. तासाला लिटरभर डिझेल जातं आणि काटा जागचा हलत नाही. किलोमीटरवर भाडं आकारणाऱ्या माणसाला हे डिझेल दिसतच नाही. मग ते चोरीच्या खात्यात जमा होतं.

आता कुणी म्हणेल, कंपन्या आकडा छापतात तो खोटा असतो का? खोटा नसतो, तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. कारचं ॲव्हरेज तपासताना ती रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागीच. ठरलेला वेळ, ठरलेले वेग, कमाल ताशी नव्वद, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करता येते. परीक्षेचा उपयोग तेवढाच असतो, हे शिक्षक म्हणून मला चांगलं माहीत आहे. बोर्डाच्या पेपरात मिळालेले गुण मूल घर कसं चालवेल ते सांगत नाहीत. आणि ज्या गाडीत नंतर कुणी पलंग आणि पाण्याची टाकी बसवली, तिची परीक्षा तर आपल्यालाच घ्यावी लागते.

एक गोष्ट मोजणाऱ्यांनी जपावी. पाच सहलींचे पाच आकडे मिळवून पाचाने भागू नका. आमचे तसे केले तर ७.३ येतात. पण ७४ किलोमीटरच्या गणपतीपुळ्याला ७३५ किलोमीटरच्या पुण्याइतकं वजन कसं द्यायचं? सगळे किलोमीटर एकत्र, २,४४७. सगळे लिटर एकत्र, ३१०. उत्तर ७.९. सरासरी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधली कुठलीच सहल न सोडता.

दुसरी गोष्ट, जड गाडीत एकेका किलोमीटरची किंमत मोठी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ साली दाखवलं की लिटरला किती, असं मोजल्यामुळे लोकांची फसगत होते. हिशेब करून बघा. हजार किलोमीटरसाठी सहाचं ॲव्हरेज आठ झालं तर जवळजवळ ४२ लिटर वाचतात. चौदाचं सोळा झालं तर फक्त ९. फरक दोन्हीकडे दोनचाच. म्हणून युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असं उलटं मोजतात. छोट्या कारवाल्याने ॲव्हरेजचा फार घोर करू नये, मोठ्या गाडीवाल्याने जरूर करावा.

वही पूर्ण झाल्यावर मी ती बडेभाई आणि आपा यांच्यासमोर ठेवली. पाच सहलींचं डिझेल २७,९०० रुपये. अकराच्या हिशेबाने भाड्यात धरलेलं २०,०२०. म्हणजे ७,८८० रुपये कमी पडले, दर किलोमीटरला तीन रुपयांहून जास्त. हे पैसे ड्रायव्हरने नेले नव्हते. आम्ही स्वतःच पाहुण्यांना स्वस्तात फिरवत होतो आणि त्यातले निम्मे आपांच्या खिशातून जात होते. आणि आधीच्या तीन सहलींचा भागाकार? १,८६० भागिले २३४, ७.९. तोच आकडा. ज्या ६५ लिटरसाठी मुलाचा पगार अडकवला, ते कधी गायब झालेच नव्हते.

बडेभाई बराच वेळ वही उलटत बसले. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं आणि आपांच्या देखत तीन हजार हातात दिले. "तुझे आहेत," एवढंच म्हणाले. माफीचा शब्द त्यांना जमला नाही. मुलाने पैसे घेतले, मोजले नाहीत. ती गोष्ट दोघांच्या मनात कुठवर राहील, हे मला कुठल्या वहीत मांडता येणार नाही.

धंद्याचे नियम मात्र बदलले. घाटाचा दर वेगळा, हायवेचा वेगळा. मुक्कामात इंजिन चालवलं तर तासाचे वेगळे पैसे, आणि ते आधीच सांगायचे. पाण्याची टाकी निघताना निम्मीच, पुढे मुक्कामाच्या ठिकाणी भरायची. हायवेवर पंचाहत्तरच्या वर नाही. दर आठवड्याला टायरची हवा. वही आता ड्रायव्हर स्वतः लिहितो, बडेभाई सही करतात. भाडं वाढल्यावर दोन-चार गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांचा हिशेब जुळतो.

'ॲव्हरेज' या शब्दाची गोष्ट राहिली. तो इंग्रजीत आला जहाजांच्या व्यापारातून, आणि बऱ्याच कोशकारांच्या मते त्याच्या मुळाशी अरबी 'अवार' आहे, म्हणजे मालाचं नुकसान. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ज्याचा माल गेला त्याच्या एकट्याच्या माथी ते नुकसान मारायचं नाही, ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आपापल्या हिश्शाने सोसायचं. सागरी विम्यात हा नियम 'जनरल ॲव्हरेज' याच नावाने आजही चालतो. आमच्या बंदरातल्या जुन्या माणसांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नसेल.

म्हणून कुणी ॲव्हरेज विचारलं की आता मी आकडा सांगत नाही. कुठे जायचं, किती जण, किती रात्री, एवढं विचारते आणि वही उघडते.